वर्तणुकीचा रकाना

१९०८च्या सुमारास यवतमाळच्या ‘विद्यागृह’ या राष्ट्रीय शाळेत नागपूरचा एक मुलगा दाखल झाला. आधीच्या शाळेने त्याला काढून टाकले होते. नागपूरच्या नील सिटी हायस्कूलमध्ये सरकारी इन्स्पेक्टर तपासणीला आले, तेव्हा वर्गावर्गातून ‘वंदे मातरम्’चा घोष झाला. शाळेने माफी मागायला लावली, बहुतेकांनी मागितली, या मुलाने मागितली नाही. नाव केशव बळीराम हेडगेवार. पुढे १९२५ साली त्यांनी राष्ट्रीय स्वयंसेवक संघ स्थापन केला. त्या संघटनेविषयी कुणाचे मत काहीही असो, तिच्या संस्थापकाच्या चरित्रात ‘शाळेतून काढले’ ही नोंद कुणी कधी लपवली नाही. उलट ना. ह. पालकरांपासूनच्या चरित्रकारांनी ती ठळकपणे सांगितली आहे.

त्यानंतर १९८६ साली एका वैद्यकीय परीक्षेच्या गुणांवरून महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. २०१५ साली राज्याच्या शिक्षणमंत्र्यांनी तरुणपणी घेतलेल्या पदवीवरून विरोधकांनी त्यांचा राजीनामा मागितला. नेत्याचे विद्यार्थिदशेतले वर्तन, त्याची परीक्षा, त्याची पदवी हे सारे सार्वजनिक वादाचे विषय झाले. शाळेने दिलेली शिक्षा एकेकाळी भूषण होती. तेच विद्यार्थिजीवन पुढे नेत्याची अडचण कसे झाले, याचा हा मागोवा आहे. तो यवतमाळपासून सुरू करण्याचे कारण असे की, या गोष्टीचे बरेच धागे या जिल्ह्याला कुठे ना कुठे स्पर्श करून जातात.

सर्क्युलरांचे दिवस

विद्यार्थ्याच्या वर्तनाची राजकीय नोंद ठेवण्याची पद्धत आपल्याकडे इंग्रज सरकारने आणली. १९०५ साली बंगालच्या फाळणीविरुद्ध विद्यार्थी रस्त्यावर उतरले, तेव्हा ऑक्टोबर महिन्यात बंगाल सरकारचे मुख्य सचिव कार्लाइल यांचे परिपत्रक निघाले. आंदोलनात विद्यार्थी दिसले तर त्यांच्या शाळेचे अनुदान आणि शिष्यवृत्त्या बंद होतील, अशी त्यात ताकीद होती. मे १९०७मध्ये भारत सरकारच्या गृहखात्याचे सचिव रिस्ले यांनी हाच बंदोबस्त देशभर लागू करणारे परिपत्रक काढले. शाळा म्हणजे सरकारचे डोळे झाले. मुलाने कुठल्या सभेला जावे, कुठली घोषणा द्यावी, हे हेडमास्तरांनी पाहायचे आणि वर कळवायचे.

या व्यवस्थेने शिक्षकालाच पोलिसाच्या जागी उभे केले. या वृत्तीची महाराष्ट्रातली पहिली मोठी ठिणगी मात्र रिस्ले परिपत्रकाच्या आधीच पुण्यात पडली होती. ऑक्टोबर १९०५मध्ये विदेशी कपड्यांची होळी झाली. तिच्यात पुढाकार घेतला म्हणून फर्ग्युसन कॉलेजने विनायक दामोदर सावरकर या विद्यार्थ्याला दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढले. प्राचार्य होते रँग्लर र. पु. परांजपे. ते स्वतः देशभक्त होते आणि शिस्तीचे भोक्तेही. त्यांच्या दृष्टीने हा कॉलेजच्या नियमांचा प्रश्न होता. पण टिळकांच्या पक्षाने आणि ‘केसरी’ने कॉलेजवर टीकेची झोड उठवली. दंड झालेला विद्यार्थी एका रात्रीत सगळ्या पुण्याला माहीत झाला. चारच वर्षांनी, १९०९ साली, लंडनच्या ग्रेज इनने परीक्षा उत्तीर्ण होऊनही सावरकरांना बॅरिस्टरीची सनद नाकारली. तिथेही कारण वर्तनाचेच होते.

टिळकांच्या शाळेतली शेंगांच्या टरफलांची गोष्ट याच मातीत रुजली. प्रत्यक्षात काय घडले, हा इतिहासकारांचा विषय. पण महाराष्ट्रातल्या पिढ्यान्पिढ्या ही गोष्ट ऐकत वाढल्या. जी चूक आपण केली नाही, तिची शिक्षा भोगायची नाही, ही तिची शिकवण. म्हणजे नेत्याची विद्यार्थिदशा कशी मोजावी, याची पहिली कसोटी आपल्या समाजाने बालवाडीतच ठरवून ठेवली होती. गुरुजींनी काय शिक्षा दिली, याला त्या कसोटीत महत्त्व नव्हते. मुलगा खरे बोलला का आणि बोलल्याची किंमत त्याने स्वतः दिली का, एवढेच पाहिले जाई.

मान्यता नसलेली शाळा

यवतमाळचे विद्यागृह हे या वातावरणाचेच अपत्य. या जिल्ह्याचे नावही तेव्हा नवे होते. १९०५पर्यंत तो वणीच्या नावाने ओळखला जाई. वऱ्हाड नुकताच मध्य प्रांताला जोडलेला होता. अशा आडबाजूच्या गावी तपस्वी बाबासाहेब परांजपे यांनी सरकारी अनुदान आणि सरकारी मान्यता या दोहोंपासून दूर राहून शाळा चालवली. देशभर अशा शाळा निघत होत्या. विष्णु गोविंद विजापूरकरांचे तळेगाव दाभाडे येथील समर्थ विद्यालय त्यांतले नावाजलेले. सरकारने त्या एकेक करून बंद पाडल्या. समर्थ विद्यालय १९१० साली बंद झाले आणि त्याआधीच सरकारी दडपणाखाली यवतमाळच्या विद्यागृहालाही टाळे लागले. हेडगेवारांना परीक्षा द्यावी लागली ती अमरावतीहून. त्यांना जे प्रमाणपत्र मिळाले ते कलकत्त्याच्या राष्ट्रीय शिक्षण परिषदेचे, रासबिहारी घोषांच्या सहीचे. सरकारच्या लेखी त्या कागदाला काडीची किंमत नव्हती.

पुढे ते कलकत्त्याच्या राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयात गेले. तिथली पदवीही सरकारमान्य नव्हती. १९१६ साली केंद्रीय कायदेमंडळाने वैद्यकीय पदव्यांविषयी कायदा केला आणि अधिकार नसलेल्या संस्थांनी पदव्या देण्यास बंदी घातली. सरकारच्या दृष्टीने त्या ‘बोगस’ पदव्या होत्या. आज हा शब्द आपण सहज वापरतो. पण मान्यता नसलेली पदवी घेणाऱ्याचा गुन्हा कोणता, हा प्रश्न त्या काळात वेगळाच होता. ज्याने ती घेतली त्याला सरकारी नोकरी मिळणार नव्हती, हे त्याला आधीच ठाऊक होते. त्याने कुणाला फसवले नव्हते. त्या कागदाचा त्याला कुठला फायदा नव्हता. त्यासाठी त्याने स्वतःचे उत्पन्न, स्वतःचे भवितव्य पणाला लावले होते. हेडगेवारांनी वैद्यकी केलीच नाही.

त्या कलकत्त्याच्या परिषदेचे पुढे काय झाले, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. १९०६ साली स्थापन झालेल्या त्याच राष्ट्रीय शिक्षण परिषदेच्या कामातून १९५५ साली जादवपूर विद्यापीठ उभे राहिले. मान्यता नसलेल्या शिक्षणाने स्वतःच्या गुणवत्तेवर मान्यता मिळवली.

१९३०च्या जुलै महिन्यात याच जिल्ह्यात जंगल सत्याग्रह झाला. वणीचे लोकनायक बापूजी अणे त्याचे पुढारी. त्यांनी पुसदजवळ राखीव जंगलातले गवत कापून कायदा मोडला. अवघ्या काही दिवसांनी हेडगेवार यवतमाळला आले, सत्याग्रह केला, नऊ महिन्यांची शिक्षा झाली आणि ते अकोल्याच्या तुरुंगात गेले. एकाच माणसाच्या दोन शिक्षांशी या गावाचा संबंध आला. एक शाळेची, दुसरी न्यायालयाची. दोन्ही उघड कृत्यांच्या, दोन्ही स्वतः भोगलेल्या. त्या काळात ‘काढून टाकलेला विद्यार्थी’ ही ओळख लोकांना विश्वासार्ह का वाटली, याचे उत्तर या दोन विशेषणांत आहे.

पुसदचे नाईक, यवतमाळचे धोटे

सगळेच नियम सरकारचे नव्हते. काही समाजाचे होते आणि ते मोडणाऱ्याला समाज शिक्षा देई. पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक बंजारा समाजातले. तांड्यातून निघून नागपूरला शिकायला गेलेला हा तरुण १९४० साली वकील झाला. नागपूरच्या दिवसांत त्यांची ओळख वत्सला घाटे यांच्याशी झाली. घाटे कुटुंब ब्राह्मण. १९४१ साली दोघांनी लग्न केले आणि दोन्हीकडे मोठे वादळ उठले. त्या काळातल्या जातपंचायतींच्या आणि सोवळ्याओवळ्याच्या हिशेबात हे विद्यार्थिदशेतले गैरवर्तनच होते. अशा लग्नाने घराण्याचे नाव बुडते, असे मानणारी माणसे दोन्ही समाजांत होती.

वसंतराव ५ डिसेंबर १९६३ रोजी मुख्यमंत्री झाले आणि फेब्रुवारी १९७५पर्यंत, म्हणजे अकरा वर्षांहून अधिक काळ, त्या पदावर राहिले. तोवर त्या जुन्या आक्षेपाचा कुणाला उच्चारही करावासा वाटेना. समाजाने एकेकाळी जे पाप म्हटले, त्यात कुणाचे काही हिरावले गेले नव्हते. दोन सज्ञान माणसांनी उघडपणे घेतलेला तो निर्णय होता आणि त्याचा त्रास त्यांनीच सोसला. म्हणून काळाने तो आक्षेप पुसून टाकला. आक्षेप पुसला जातो तो असा. नेत्याच्या पदामुळे नव्हे, त्या कृत्याच्या स्वभावामुळे.

जांबुवंतराव धोटे याच यवतमाळचे. १९६४ साली विधानसभेत त्यांनी अध्यक्षांच्या दिशेने पेपरवेट फेकला आणि सभागृहाने त्यांचे सदस्यत्व रद्द केले. लोकांनी त्यांना पुन्हा निवडून पाठवले. विदर्भाच्या चळवळीत ते पुढे ‘विदर्भाचा सिंह’ म्हणून ओळखले गेले. पण या उदाहरणात सावधगिरीची एक सूचनाही दडलेली आहे. शिक्षा झालेल्या बंडखोराला डोक्यावर घेण्याची सवय स्वातंत्र्यानंतरही टिकली. इंग्रज गेले होते, सभागृह आपले होते, अध्यक्ष आपला होता. तरीही शिस्त मोडणे म्हणजे धाडस, हे समीकरण तसेच राहिले. त्या समीकरणाच्या आडोशाला पुढे बऱ्याच गोष्टी लपल्या.

परीक्षेतला घोटाळा

स्वातंत्र्यानंतर विद्यार्थ्याच्या वर्तनाची चिंता राजकारणाकडून परीक्षेकडे वळली. गावोगावी परीक्षा केंद्रांवर कॉप्यांचा सुळसुळाट झाला. महाराष्ट्राने १९८२ साली विद्यापीठ, मंडळ आणि इतर परीक्षांतील गैरप्रकार रोखण्यासाठी खास कायदा केला. कॉपी पुरवणे, प्रश्नपत्रिका फोडणे, गुणांत फेरफार करणे हे दंडनीय गुन्हे ठरले. वऱ्हाडासाठी १९८३ साली अमरावतीला वेगळे विद्यापीठ झाले, यवतमाळ त्याच्या कक्षेत आला आणि ‘रस्टिकेट’ हा शब्द तालुक्याच्या गावांतल्या घराघरांत पोहोचला. भरारी पथकाने पकडलेल्या मुलाचे वर्ष बुडते, कधी दोन बुडतात. त्याचे आईबाप मास्तरांच्या दारी उभे राहतात. कायद्यापुढे त्याची गय नाही.

हा कायदा होऊन तीन वर्षे झाली होती. ऑक्टोबर १९८५मध्ये मुंबई विद्यापीठाची स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राची एम.डी. परीक्षा झाली. शिवाजीराव पाटील निलंगेकर त्याच वर्षी जूनमध्ये मुख्यमंत्री झाले होते. त्यांची मुलगी या परीक्षेला बसली होती. यापूर्वी ती या परीक्षेत अनुत्तीर्ण झाली होती, या वेळी उत्तीर्ण झाली. अनुत्तीर्ण झालेल्या एका डॉक्टर परीक्षार्थीने मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. परीक्षकाच्या पातळीवर श्रेणीत फेरफार झाला, असा त्याचा आरोप होता. एकसदस्यीय पीठाचा निकाल मुख्यमंत्र्यांना प्रतिकूल गेला आणि मार्च १९८६मध्ये निलंगेकरांनी राजीनामा दिला. शंकरराव चव्हाण त्यांच्या जागी आले. नऊ महिन्यांचे मुख्यमंत्रिपद एका गुणपत्रिकेवर संपले.

प्रकरण तिथे थांबले नाही. खंडपीठाने पुराव्याचे बारकाईने वजन केले आणि मुख्यमंत्र्यांच्या थेट सांगण्यावरून फेरफार झाल्याचा निष्कर्ष कायम ठेवला नाही. तरी संशयाचे शेरे राहिले. ते काढून टाकावेत म्हणून निलंगेकर सर्वोच्च न्यायालयात गेले. १ डिसेंबर १९८६च्या निकालात न्यायमूर्ती सब्यसाची मुखर्जी यांनी ते शेरे पुसण्यास नकार दिला. थेट पुरावा नसला, तरी परिस्थितीने जो संशय निर्माण केला त्याची नोंद घेणे न्यायालयाला गैर वाटले नाही. सार्वजनिक जीवनातली नीती सातत्याने घसरते आहे, तिच्याकडे न्यायालय डोळेझाक करू शकत नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

महाराष्ट्राच्या राजकारणातला हा मोठा वळणबिंदू आहे आणि त्याचे खरे स्वरूप नीट समजून घ्यायला हवे. या प्रकरणात विद्यार्थिदशा नेत्याची नव्हती, त्याच्या मुलीची होती. एखादी विद्यार्थिनी नापास होणे यात लाजण्याजोगे काही नाही. तिच्यावर बोट रोखण्याचा अधिकार कुणाला नव्हता आणि आजही नाही. आरोप होता तो सत्तेच्या सावलीचा. ज्या परीक्षेत बाकीच्यांनी रात्री जागवून गुण मिळवले, तिथे एका घराला वेगळा दरवाजा उघडला, हा तो आरोप. १९०५ साली विद्यार्थ्याने नियम मोडला आणि किंमत स्वतः दिली. १९८५ साली, आरोप खरा मानला तर, नियम मोडण्याची किंमत इतर परीक्षार्थींना द्यावी लागली. शाळेतल्या गैरवर्तनाचा अर्थ इथे पूर्णपणे उलटला. म्हणूनच महाराष्ट्र इतका चिडला आणि म्हणूनच अशा शंकेवर मुख्यमंत्र्याने पद सोडावे, ही अपेक्षा त्या काळात लोकांना योग्य वाटली.

निवडणुकीच्या आवारातले रक्त

दुसरा बदल महाविद्यालयांच्या आवारात झाला. सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांत विद्यार्थी संघटनांच्या निवडणुका पक्षांच्या निवडणुका होऊ लागल्या. गाड्या, पैसा, बाहेरून आणलेली पोरे, हाणामाऱ्या हे सारे आत आले. १९८९ साली मुंबईत एका विद्यार्थी नेत्याची हत्या झाली आणि लोकमत हादरले. १९९४च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका बंद केल्या, गुणवत्तेच्या आधारे विद्यार्थी मंडळे नेमण्याची पद्धत आली. २०१६च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने निवडणुका पुन्हा कायद्यात आणल्या, पण प्रत्यक्षात त्या वर्षानुवर्षे लांबत गेल्या.

विद्यार्थी निवडणुकांना शिस्त लावण्यासाठी माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांची समिती नेमली गेली आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तिच्या शिफारशी देशभर लागू केल्या. त्यातली एक अट अशी की, उमेदवारावर विद्यापीठाने कुठलीही शिस्तभंगाची कारवाई केलेली नसावी. दुसरी, त्याच्यावर फौजदारी खटला चाललेला नसावा. हेतू चांगला होता, आवारात रक्त सांडू नये. पण हा नियम इतिहासाला लावून पाहा. दंड झालेले सावरकर, काढून टाकलेले हेडगेवार, १९४२ साली कॉलेज सोडून तुरुंगात गेलेली हजारो मुले यांपैकी कुणालाही आज विद्यार्थी मंडळाची निवडणूक लढवता आली नसती. आणि देशाचा कायदा करणाऱ्या आमदार-खासदारासाठी मात्र इतकी कडक अट नाही. एकोणीस वर्षांच्या मुलाकडून जे आपण मागतो, ते पन्नाशीच्या मंत्र्याकडून मागत नाही. ही विसंगती मला फार अस्वस्थ करते. उघड निषेधाबद्दल झालेली शिक्षा आणि दुसऱ्याचे डोके फोडल्याबद्दल झालेली शिक्षा यांना एकाच रकान्यात टाकणारी व्यवस्था शिस्त शिकवत नाही, ती मुलांना गप्प राहायला शिकवते.

शपथपत्रावरची पदवी

२ मे २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, उमेदवाराची गुन्हेगारी पार्श्वभूमी, मालमत्ता आणि शिक्षण जाणून घेण्याचा मतदाराला हक्क आहे. संसदेने कायदा बदलून हा हक्क आक्रसण्याचा प्रयत्न केला, तो १३ मार्च २००३च्या निकालाने रद्द ठरला. तेव्हापासून प्रत्येक उमेदवार शपथपत्रात आपली सर्वोच्च पदवी, संस्थेचे नाव आणि वर्ष लिहितो. खोटी माहिती दिल्यास किंवा माहिती दडवल्यास लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५-अ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. नेत्याची विद्यार्थिदशा आता सरकारी कागदावर, त्याच्या सहीनिशी, कुणालाही वाचता येईल अशी उभी राहिली.

जून २०१५मध्ये त्याचे परिणाम दिसले. दिल्लीचे कायदामंत्री जितेंद्रसिंह तोमर यांना बनावट पदवीच्या आरोपावरून अटक झाली. त्याच महिन्यात महाराष्ट्रात विनोद तावडे यांच्या पदवीवरून वाद पेटला. तावडे तेव्हा शालेय, उच्च व तंत्र शिक्षण खात्यांचे मंत्री. त्यांनी शपथपत्रात पुण्याच्या ज्ञानेश्वर विद्यापीठाची बी.ई. लिहिली होती आणि या संस्थेला सरकारची मान्यता नव्हती. विरोधकांनी राजीनामा मागितला. संस्था मान्यताप्राप्त नाही हे आपण कधी लपवले नाही, त्या काळी वेगळ्या पद्धतीचे शिक्षण म्हणून आपण तिथे गेलो, अशी तावडेंची बाजू होती. ते मंत्रिपदी राहिले. त्याच सुमारास मंत्री बबनराव लोणीकर यांच्या निरनिराळ्या निवडणुकांतल्या शपथपत्रांत शिक्षणाची नोंद वेगवेगळी असल्याचा आरोप गाजला.

तावडेंची बाजू सहज झटकून टाकण्यासारखी नाही. मान्यता नसलेल्या शाळेत शिकणे हा कलंक मानला, तर यवतमाळच्या विद्यागृहालाही तो लागेल. पण फरक आहे आणि तो मोठा आहे. विद्यागृहात जाणारा मुलगा सरकारी दरवाजे स्वतः बंद करून घेत होता आणि ते सगळ्यांना दिसत होते. २०१४च्या शपथपत्रातली ‘बी.ई.’ ही दोन अक्षरे सामान्य मतदार मान्यताप्राप्त अभियंत्याची पदवी म्हणूनच वाचणार. संस्थेचे नाव लिहिले, म्हणजे माहिती लपवली नाही हे खरे. पण ती पदवी सरकारच्या लेखी पदवी नाही, हेही त्याच ओळीत सांगितले असते तर वाद जन्मलाच नसता. आणि ज्याच्या हाती राज्याचे उच्च शिक्षण आहे, त्याच्याकडून ही एक जास्तीची ओळ मागणे अन्यायाचे नाही. विद्यापीठ अनुदान आयोग दरवर्षी बनावट विद्यापीठांची यादी काढतो, त्यात नागपूरच्या एका संस्थेचे नाव वर्षानुवर्षे असते. विदर्भातल्या ज्या कुटुंबाने शेत गहाण टाकून अशा संस्थेची फी भरली, त्याला पदवी कुचकामी आहे हे मुलाखतीच्या दिवशी कळते. त्याच्या वाट्याला राजकीय खुलासा करण्याची सोय नसते.

२०१६ साली मणिपूरच्या एका आमदाराची निवड रद्द ठरवणारा निकाल सर्वोच्च न्यायालयाने याच तत्त्वावर कायम ठेवला. म्हैसूर विद्यापीठाची एम.बी.ए. पदवी आहे, असे त्याने लिहिले होते, ती नव्हती. उमेदवाराचे शिक्षण जाणून घेणे हा मतदाराचा मूलभूत हक्क असल्याचे न्यायालयाने पुन्हा सांगितले. दुसऱ्या बाजूने, विद्यापीठाच्या दप्तरातली जुनी नोंद कुणालाही मिळावी का, हा प्रश्नही न्यायालयांपुढे आला. पंतप्रधानांच्या १९७८च्या पदवीशी निगडित प्रकरणात केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५मध्ये रद्द केला आणि अशी माहिती वैयक्तिक ठरवली. म्हणजे आज कायदा असे सांगतो की, नेत्याने जे स्वतः जाहीर केले त्याबद्दल तो उत्तरदायी आहे, पण दप्तर उघडून पाहण्याचा सरसकट हक्क जनतेला नाही.

इतर देशांचे हिशेब

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. जर्मनीचे संरक्षणमंत्री गुटेनबर्ग यांच्या प्रबंधात उचलेगिरी सापडली आणि मार्च २०११मध्ये ते गेले. दोन वर्षांनी तिथल्या शिक्षणमंत्री शावान यांचीही डॉक्टरेट काढून घेतली गेली आणि त्यांनीही पद सोडले. हंगेरीचे राष्ट्राध्यक्ष श्मिट एप्रिल २०१२मध्ये याच कारणाने पायउतार झाले. अमेरिकेत जो बायडन यांनी १९६५ साली कायद्याच्या पहिल्या वर्षी एका लेखाची पाने श्रेय न देता वापरली होती, ते १९८७च्या निवडणूक प्रचारात बाहेर आले आणि त्यांना माघार घ्यावी लागली. तेहेतीस वर्षांनी त्याच माणसाला लोकांनी राष्ट्राध्यक्ष केले. व्हर्जिनियाचे गव्हर्नर नॉर्थम यांच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या १९८४च्या वार्षिकात वंशद्वेषी छायाचित्र सापडले. राजीनाम्याची मागणी झाली, तरी त्यांनी मुदत पूर्ण केली. तिथल्याच सर्वोच्च न्यायालयाच्या नेमणुकीवेळी ब्रेट कॅव्हनॉ यांच्यावर शाळेच्या काळातल्या लैंगिक अत्याचाराचा आरोप झाला. त्यांनी तो नाकारला आणि सिनेटने ५० विरुद्ध ४८ मतांनी त्यांना मान्यता दिली.

या सगळ्यांत वय हा बचाव म्हणून येतो. ‘तेव्हा तो लहान होता.’ हा बचाव काही ठिकाणी योग्य आहे, काही ठिकाणी अजिबात नाही. निबंधातली चूक माणूस वाढता वाढता भरून काढू शकतो. दुसऱ्या माणसाच्या शरीरावर केलेला अत्याचार करणाऱ्याच्या वयाने हलका होत नाही, कारण तो सोसणारीचे वय त्या दिवशी तेवढेच कोवळे असते.

मोजायचे काय

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ असा एक रकाना असतो. महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक दाखल्यावर तिथे ‘चांगली’ असे लिहिलेले आढळते. इंग्रजांच्या काळात याच नोंदीने मुलांची आयुष्ये अडवली. आज ती नोंद कुणी वाचत नाही. त्यामुळे नेत्याच्या विद्यार्थिदशेचा वाद उठला की, आपल्याजवळ मोजमाप नसते. आपल्या पक्षाचा असेल तर ‘पोरवय होते’ आणि दुसऱ्याचा असेल तर ‘राजीनामा द्या’, एवढ्यावर चर्चा संपते.

या शंभराहून अधिक वर्षांच्या हिशेबातून मला तीन प्रश्न हाती लागतात आणि ते प्रत्येक पक्षाच्या नेत्याला सारखेच विचारले पाहिजेत. पहिला, ते कृत्य उघड होते की लपवलेले? दुसरा, त्याची किंमत कुणी दिली, त्याने स्वतः की दुसऱ्या कुणी? तिसरा, त्याबद्दल तो आज खरे बोलतो आहे का? विदेशी कपड्यांची होळी आणि यवतमाळचे विद्यागृह या तिन्ही प्रश्नांत उत्तीर्ण होतात. वसंतराव-वत्सलाताईंचे लग्न उत्तीर्ण होते. बदललेली श्रेणी, फोडलेले डोके, नसलेली पदवी यांतले काहीच होत नाही. आणि प्रामाणिक चूक करून ती कबूल करणाऱ्याला या कसोटीत जागा आहे, ही तिची मला सर्वांत मोलाची बाजू वाटते.

यासाठी दोन साध्या सुधारणा आज करता येण्याजोग्या आहेत. निवडणुकीच्या शपथपत्रात शिक्षणाच्या रकान्याखाली ‘ही पदवी विद्यापीठ अनुदान आयोग किंवा संबंधित नियामक संस्थेने मान्य केलेली आहे का’ एवढी एक ओळ वाढवावी. मान्य नसेल तर ‘नाही’ लिहावे. त्यात कमीपणा नाही. आणि विद्यार्थी निवडणुकांच्या नियमातली शिस्तभंगाची सरसकट अट बदलावी, हिंसा आणि छळ यांच्या शिक्षा एका बाजूला ठेवाव्यात, शांततापूर्ण निषेधाच्या शिक्षा दुसऱ्या. पहिल्या सुधारणेने मंत्र्याला खरे बोलावे लागेल. दुसरीने यवतमाळच्या एखाद्या महाविद्यालयात आज घोषणा देणाऱ्या मुलीला उद्या निवडणूक लढवता येईल. बापूजी अण्यांच्या जिल्ह्याने या दोन्ही गोष्टी मागण्यात पुढाकार घ्यावा, कारण उघडपणे कायदा मोडून त्याची किंमत स्वतः देणे म्हणजे काय, हे या जिल्ह्याने जंगलाच्या कडेला उभे राहून पाहिले आहे.